नळीच्या कडेने लघवी गळते, म्हणून २२ नंबर घालायचा का?

प्रश्न खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पुढच्या एका गावातून आलाय. वडील ७२ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. बेळगावात दवाखान्यात असताना लघवीची नळी घातली होती, तिच्यासकटच घरी आणलं. गावातले कंपाउंडर दर तीन आठवड्यांनी नळी बदलतात. तरी कडेने गळतंच, रोज दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात. आधी १६ नंबर जाडीची नळी होती, गळतं म्हणून १८ घातली, मग २०. आता कंपाउंडर म्हणतात, २२ आणून ठेवा. मधे लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, जंतू सापडले म्हणून अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स चालू आहे. शेजारच्यांचं म्हणणं, बोअरच्या जड पाण्याने नळी चोंदते. मुलाचा प्रश्न एवढाच आहे: २२ घालू का?

घालू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नको’ सांगितलं तर पुढच्या आठवड्यात चादर भिजल्यावर तुम्ही २२ आणणारच, आणि त्यात तुमची चूक नसेल.

मी डॉक्टर नव्हे. २६ वर्षं लघवीच्या आजारांच्या वॉर्डात ब्रदर म्हणून काढली. आता बेळगाव, खानापूर, हुक्केरी या पट्ट्यात घरोघरी जाऊन नळ्या बदलतो. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली गाठ, केवढं आहे, मूत्रपिंडं कशी आहेत, शुगर आहे का, यावर बरंच काही अवलंबून आहे. आणि हे सगळं वारं गेलेल्या माणसाबद्दल आहे. मणक्याला मार लागलेल्या पेशंटचं गणित वेगळं असतं, त्यांनी हे आपल्याला लावून घेऊ नये.

आता मूळ गोष्ट. कडेने गळतं म्हणजे नळी बारीक पडते, त्या फटीतून लघवी येते, असं सगळ्यांनाच वाटतं. नळाला वायसर सैल झाला की पाणी गळतं, तसं. पण मूत्रमार्ग म्हणजे लोखंडी पाईप नव्हे. तो मऊ असतो, नळीला चारही बाजूंनी चिकटून बसतो. लघवी कडेने येते ती दोन कारणांनी. एक तर नळीतून जायची वाट कुठेतरी अडलेली असते. नाहीतर मूत्राशय स्वतःच आवळून लघवी बाहेर ढकलत असतं.

हिशोब करून बघा. माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. म्हणजे मिनिटाला जेमतेम एक मिली. नळीच्या नंबराचं माप असं की तीन नंबर म्हणजे बाहेरून एक मिलिमीटर जाडी. १६ नंबर म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, २० म्हणजे पावणेसातला थोडं कमी, २२ म्हणजे सात मिलिमीटरच्या वर. मिनिटाला एक मिली जायला १२ नंबरसुद्धा पुष्कळ झाला. ठिबकच्या पाण्याला कुणी चार इंची पाईप टाकत नाही. मोठी नळी लागते ती ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या बाहेर याव्यात म्हणून. तुमच्या वडिलांना ते कारण नाही.

उलट मोठ्या नळीने नुकसान होतं. जाड नळी मूत्राशयाच्या तोंडाला जास्त टोचते, मग मूत्राशय आणखी आवळतं आणि गळणं वाढतं. ते बघून आणखी मोठी नळी येते. हे चक्र मी स्वतः फिरवलंय, म्हणून सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्यांना मी १६ वरून २२ पर्यंत नेलं. त्यांच्या घरचे सारखे म्हणायचे, ‘नळी बदला की ओ, गळूलालंय.’ मी बदलत गेलो. एके दिवशी आमच्या सरांनी राउंडला चादर बाजूला केली. नळीच्या दाबाने खालच्या बाजूची कातडी चिरत गेली होती. सर मला काही बोलले नाहीत. त्यांनी २२ काढून १४ घातली, नळी मांडीला चिकटवली आणि पोट साफ व्हायचं औषध लिहिलं. चार दिवसांनी चादर कोरडी होती. ती चीर मात्र भरून आली नाही.

मग घरी काय बघायचं? मी पिशवीपासून सुरुवात करतो आणि वर माणसाकडे जातो.

कणकुंबीच्या बाजूला एका घरी जुलैत गेलो होतो. बाहेर धुवांधार पाऊस, आत खाटेवर तात्या, आणि लघवीची पिशवी भिंतीच्या खिळ्याला टांगलेली, खाटेच्या वर हातभर उंच. मी विचारलं, अशी का? सून म्हणाली, ‘दवाखान्यात सिस्टरांनी कानडीत सांगितलं, पिशवी जमिनीला टेकवू नका. तेवढंच कळलं.’ बिचारीने जमिनीला टेकू दिली नव्हती, ते बरोबरच होतं. पण मूत्राशयापेक्षा खाली ठेवायची, हे अर्धं वाक्य राहून गेलं होतं. लघवी चढावर जाईल कशी? मग ती कडेने खाली येत होती. पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला अडकवली. चहा होईपर्यंत पिशवीत चारशे मिली जमा. आमच्या भागात हे नेहमीचं आहे. कार्ड इंग्रजीत, सांगणं कानडीत, ऐकणारा मराठी. डिस्चार्जच्या वेळी लाजू नका, ‘मराठीत सांगा’ म्हणा. कुणी ना कुणी मराठी बोलणारं वॉर्डात असतंच.

तर पिशवी खाटेच्या दांडीला, मूत्राशयाच्या खाली, जमिनीपासून वर. पिशवीची लांब नळी खाली झोळीसारखी लोंबकळत असेल तर त्या झोळीत लघवी साचते आणि मागून येणारीला अडवते. नळी उतारावर सरळ ठेवा. पिशवी दोन लिटरची असली तरी काठोकाठ भरू देऊ नका, वजनाने नळी ओढली जाते. अर्धी-पाऊण झाली की खालचा नळ उघडून रिकामी करा. पिशवी आणि नळीचा जोड मात्र सारखा सारखा काढू नका. जंतू शिरायची ती सगळ्यात सोपी वाट.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, डावी बाजू लुळी. त्या मांडीखाली नळी दबली तर वडिलांना कळणारसुद्धा नाही. म्हणून नळी उजव्या मांडीला, वरच्या बाजूला चिकटपट्टीने बांधा, थोडी ढील ठेवून. कूस बदलताना प्रत्येक वेळी नळीवरून हात फिरवा. ही सवय घरच्या बायका दोन दिवसांत लावून घेतात. पुरुषांना आठवडा लागतो, हा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट पोट. गळण्याची चौकशी करायला लोक मला फोन करतात, आणि मी विचारतो, ‘संडास कधी झाली?’ पलीकडे शांतता. मग कळतं, सहा दिवस झाले. पडून असलेल्या माणसाचं मोठं आतडं संडासच्या घट्ट खड्यांनी भरलं की ते मागून मूत्राशय आणि नळी दाबतं. नळीत काही दोष नसतो, तरी गळतं. तुमच्या प्रश्नात पोटाबद्दल एक शब्द नाही. म्हणून मला आधी तिथेच शंका येते. पातळ औषध रोज द्यायचं की एनिमा लागेल, हे डॉक्टरांना विचारा. पण विचारा नक्की.

पोटावरून एक गंमत आठवली, तेव्हा ती गंमत नव्हती. निपाणीकडच्या एका घरी आजींची लघवीची पिशवी जांभळी झाली. अगदी शाईसारखी. घरच्यांनी करणी समजून लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. हे खरंच होतं, पडून असलेल्या, नळी असलेल्या, पोट न साफ होणाऱ्या माणसांत होतं. खाण्यातल्या एका घटकाचं आतड्यात आणि मग लघवीतल्या जंतूंमुळे निळ्या-तांबड्या रंगात रूपांतर होतं आणि तो प्लास्टिकला धरतो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा धोका नसतो. डॉक्टरांना दाखवा, पोट साफ करा, नळी-पिशवी बदला. तुमच्या वडिलांची पिशवी कधी तशी झाली तर घाबरू नका.

आता नळी आतून चोंदली आहे का ते. काढलेली नळी मी लगेच टाकत नाही. हातमोजे असतानाच टोकाकडचा भाग दोन बोटांत धरून चुरतो. चांगली नळी मऊ लागते. चोंदलेली नळी कचकचते, रवा भरल्यासारखी. कात्रीने उभी चिरली तर आत पांढरट खरबरीत थर दिसतो, टोकाच्या भोकापाशी जास्त. पुढच्या वेळी कंपाउंडरांना सांगा, नळी टाकू नका, मला दाखवा. ते कचकचणं ऐकलं की निम्मा प्रश्न सुटतो.

हा थर बोअरच्या पाण्याने होत नाही. शेजाऱ्यांना सांगा, बोअरला दोष देऊ नका. प्रोटियस नावाचा एक जंतू आहे, तो लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार खड्यांच्या रूपात नळीवर बसतात. काहींची नळी तीन आठवड्यांत चोंदते, काहींची तीन महिने स्वच्छ राहते. म्हणून ‘किती दिवसांनी बदलायची’ याचं एकच उत्तर नाही. साधी रबरी, म्हणजे लॅटेक्सची नळी चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, आणि बाहेरून तेवढ्याच नंबरची असून तिची आतली वाट मोठी असते. मेडिकलात ती बरीच महाग मिळते. पण दर वेळी येणारा माणूस, त्याचं पेट्रोल, वडिलांचे हाल धरून हिशोब करा. वडिलांची नळी दोन-अडीच आठवड्यांतच चोंदत असेल तर मात्र सिलिकॉनही तेवढी टिकणार नाही. तेव्हा तारीख ठरवून, चोंदायच्या आधी बदलणं हाच उपाय. तीन-चार वेळा तारखा वहीत लिहा, तुमच्या वडिलांचा हिशोब तुम्हालाच कळेल.

पाणी भरपूर द्या असं मी सरळ सांगत नाही. वारं गेलेल्यांना गिळताना ठसका लागतो, पाणी छातीत जातं. हृदयाचा, किडनीचा त्रास असेल तर पाण्याला मर्यादा असते. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढं द्या. नाकातून नळी असेल तर तिच्यातूनही देता येतं.

मग फुगा. नळीच्या टोकाशी फुगा असतो, तो आत फुगवला की नळी अडकून राहते. १९३० च्या दशकात फोली नावाच्या अमेरिकन सर्जनने ही युक्ती पक्की केली, म्हणून फोलीची नळी. नेहमीच्या वापरात फुग्यात १० मिली पाणी पुरतं. किती भरायचं ते नळीच्या शेपटाकडे, झडपेवर छापलेलं असतं. पण गळतं म्हणून काहीजण २५-३० मिली भरतात, बूच घट्ट बसावं म्हणून. तो फुगा मूत्राशयाच्या सगळ्यात नाजूक भागावर बसतो, आवळ वाढवतो. शिवाय नळीची भोकं फुग्याच्या वर असतात. फुगा मोठा केला की भोकं वर जातात आणि खाली लघवी साचून राहते. ३० मिलीचा फुगा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रक्त थांबवायला असतो. कंपाउंडरांना भांडणाच्या सुरात नको, सहज विचारा, ‘अण्णा, फुग्यात किती घातलं?’ काढताना सिरिंजमध्ये किती परत आलं तेही बघा. भरायला निर्जंतुक केलेलं डिस्टिल्ड वॉटर, सलाईन नको. सलाईनच्या मिठाचे कण धरून फुग्याची बारीक वाट बंद होते आणि काढायच्या वेळी फुगा रिकामाच होत नाही. तसं झालं तर नळी कापू नका, ओढू नका, तडक दवाखाना.

वडील नळी ओढतात का, हेही विचारायला हवं होतं. वारं गेल्यावर काहींना नळीचा उपद्रव वाटतो, समजत नाही. उजवा हात चालतो, तो तिथेच जातो. नळी लुंगीच्या आतून, हाताला न लागेल अशी घ्या.

एवढं सगळं ठीक असून गळत असेल तर मूत्राशयाचा आवळ. वारं गेल्यावर मेंदूचा ताबा सुटतो आणि मूत्राशय मधूनच आवळतं. त्यावर गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो आणि पोट आणखी घट्ट होतं. म्हणजे आधी पोट, मग गोळी. उलटं केलं तर फसतं.

अँटिबायोटिकबद्दल जरा स्पष्ट बोलतो. महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. कल्चर केलं की सापडणारच. लघवी गढूळ आहे, वास येतो, एवढ्यावर औषध द्यायचं नसतं. ताप, थंडी वाजून हुडहुडी, कमरेच्या बाजूला दुखणं, अचानक बडबड किंवा ग्लानी, यातलं काही असेल तरच तो इन्फेक्शनचा आजार. नुसत्या रिपोर्टवर तीन कोर्स झाले असतील तर उरलेले जंतू तेवढे निबर झाले. पुढे खरा ताप आला की साधं औषध लागणार नाही. चालू कोर्स मधेच बंद करा असं मी म्हणत नाही. ज्यांनी लिहिला त्यांना विचारा, ‘ताप नव्हता, तरी लागेल का?’ आणि पुढे कधी कल्चर करायचं झालं तर नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्या. जुन्या पिशवीतला कधीच नको.

थांबायचं नाही अशा वेळा: तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट टणक लागतंय; लाल रक्त, गुठळ्या; हुडहुडी भरून ताप; अंडकोषाला सूज; फुग्यासकट नळी ओढून निघाली. यात कंपाउंडरांची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पावसात तुमच्या बाजूचा रस्ता कसा असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून उजेड असतानाच निर्णय घ्या.

२० वरून खाली यायचं तर १४ किंवा १६, फुगा १० मिली. पहिले दोन-चार दिवस थोडं जास्त गळेल, तेव्हा ‘बघा, आधीच सांगितलं होतं’ म्हणणारे घरात निघतील. आठवडाभर तग धरा. रंग बघून ओळखता येतं: १४ च्या शेपटाला हिरवी कडी, १६ ला नारिंगी, १८ ला तांबडी, २० ला पिवळी. मेडिकलवाल्याने पिवळी हातात दिली तर परत करा.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. वडिलांना नळी लागतेच का? दवाखान्यात ती घातली ती बहुधा लघवी मोजायला, किंवा त्या वेळी लघवी अडली होती म्हणून. वारं गेल्यावर अडलेली लघवी बऱ्याच जणांची काही आठवड्यांत परत सुरू होते. पाच महिन्यांत एकदाही नळी काढून बघितली नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. याला कुणी मुद्दाम चूक केली असं नाही. दवाखान्याला वाटतं घरी बघतील, घरच्यांना वाटतं दवाखान्याने सांगितलं असतं.

लघवी अडत नसेल, फक्त ताबा नसेल, तर बाहेरून लावायची कंडोमसारखी नळी किंवा डायपर चालतो. आत काहीच नको. अडत असेल आणि प्रोस्टेट मोठं असेल तर आधी काही दिवस गोळी देऊन मग काढून बघतात. तरी जमलं नाही तर दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लगेच काढायची पद्धत आहे, १९७२ पासून जगभर रूढ झालेली. घरचा माणूस शिकू शकतो. तुमच्या वडिलांना यातलं काय बसेल ते मी इथून सांगणार नाही. लघवीच्या डॉक्टरांना दाखवा आणि हाच प्रश्न विचारा: ‘नळी काढून बघायची का?’

जाताना डिस्चार्ज कार्ड, कल्चरचे रिपोर्ट, तारखांची वही आणि शेवटची काढलेली नळी पिशवीत घालून न्या. आणि सकाळची पहिली गाडी धरा. नळी काढून बघतात ती सकाळीच. मग दिवसभर पाणी पाजून वाट बघायची, लघवी झाली की सोनोग्राफीत आत किती उरली ते मोजायचं. दुपारी पोचलात तर ‘उद्या या’ म्हणतील. आणि वारं गेलेल्या माणसाला घेऊन जांबोटीचा घाटरस्ता दोनदा करायचा म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.